सेकंड हॅण्ड गाडी नीट चालत नव्हती म्हणून खोलून बसला, त्यातूनच रोल्स-रॉइस उभी राहिली...

नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला पाहुणे आले की दोन ठिकाणं ठरलेली असतात. एक भुईकोट किल्ला आणि दुसरं रणगाडा संग्रहालय. लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ मध्ये हे संग्रहालय उभारलं. पोरं पॅटनसमोर फोटो काढतात, कुणी शर्मनभोवती फेरी मारतं.

पण याच रणगाड्यांच्या गर्दीत एक जुनी चिलखती गाडीही उभी आहे. वरून पोलादी पत्रे आणि मशीनगनसाठी गोल बुरूज. खाली मात्र राजे-महाराजे मिरवायचे त्या गाडीची चासी.

रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट.

एवढी नाजूक, एवढी महागडी गाडी थेट रणांगणात कशी गेली, असा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर एका माणसाच्या स्वभावात आहे. रोल्स-रॉइस हे नाव सगळ्यांना माहिती असतं, पण त्यातला रॉइस कोण होता हे फारसं कुणाला माहिती नसतं.

गिरणी बुडाली, शाळा सुटली

फ्रेडरिक हेन्री रॉइसचा जन्म २७ मार्च १८६३ चा. गाव इंग्लंडमधलं अलवॉल्टन, पीटरबरो शहराजवळचं. पाच भावंडांत हा सगळ्यात धाकटा. वडील पिठाची गिरणी चालवायचे. धंदा बुडाला आणि कुटुंब लंडनला आलं. १८७२ मध्ये वडील वारले तेव्हा हेन्री होता ९ वर्षांचा.

मग पोटासाठी जे मिळेल ते काम. रस्त्यावर पेपर विकले, घरोघरी तारा पोचवल्या. शाळेचं म्हणाल तर ती नावापुरतीच झाली.

१८७८ मध्ये एका मावशीने मदत केली. ती पैसे भरणार आणि हेन्री पीटरबरोच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून राहणार असं ठरलं. लेथ कसा चालवायचा, कानस कशी मारायची, दोन भाग एकमेकांत अचूक कसे बसवायचे हे सगळं तो तिथे शिकला. तीन वर्षांनी मावशीकडचे पैसे संपले आणि शिक्षण अर्धवट राहिलं. हातात प्रमाणपत्र नाही, पण हात मात्र तयार झाला होता.

पुढे लीड्समध्ये आठवड्याला ११ शिलिंगवर नोकरी केली. त्यानंतर तो विजेच्या दिव्यांच्या कंपनीत लागला. वीज तेव्हा नवीच होती. १८८४ मध्ये साठवलेले २० पौंड घेऊन तो मँचेस्टरला आला. अर्नेस्ट क्लेअरमाँट नावाच्या मित्राने ५० पौंड घातले आणि कुक स्ट्रीटवर दोघांचं वर्कशॉप सुरू झालं.

सुरुवात घरातल्या विजेच्या घंट्यांपासून झाली. मग डायनामो आणि त्यानंतर विजेवर चालणाऱ्या क्रेन. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, तोही साधारण याच सुमाराचा काळ. दोघांची गोष्ट बरीचशी सारखी आहे. आधी दुसऱ्याने बनवलेलं यंत्र हाताळायचं, मग स्वतःचं बनवायचं.

फ्रेंच गाडी आणि वैतागलेला मालक

१९०० नंतर क्रेनच्या धंद्यात मंदी आली, स्पर्धाही वाढली. याच काळात रॉइसने एक सेकंड हॅण्ड फ्रेंच गाडी विकत घेतली. डेकोव्हिल कंपनीची, दोन सिलिंडरची.

त्या काळच्या मानाने गाडी वाईट नव्हती. पण रॉइसला ती पटेना. इंजिन थरथरायचं, आवाज मोठा, आणि विजेची जुळणी बघून तर विजेच्याच धंद्यातल्या या माणसाचं डोकं फिरायचं.

दुसरा कुणी असता तर गाडी विकून मोकळा झाला असता. रॉइसने ती खोलली. एकेक भाग बाहेर काढून तपासला आणि सुधारता येईल तेवढा सुधारला. शेवटी त्याने ठरवलं, इतकी दुरुस्ती करण्यापेक्षा आपण नवीनच गाडी बनवू.

यात एक गोष्ट महत्त्वाची आहे. रॉइसने नवा शोध लावला नाही. इंजिन तेच, दोन सिलिंडरचं. फक्त प्रत्येक भाग जास्त काटेकोर केला. इग्निशन भरवशाचं केलं, कार्बोरेटर सुधारला, सायलेन्सर असा बसवला की गाडीचा आवाज खाली आला.

१ एप्रिल १९०४ ला ही १० हॉर्सपॉवरची गाडी कुक स्ट्रीटवरून बाहेर पडली आणि स्वतः रॉइस ती चालवत नट्सफर्डच्या आपल्या घरी गेला. अंतर साधारण २४ किलोमीटर. अशा तीन गाड्या बनल्या.

एक पेपर विकणारा, एक लॉर्डचा मुलगा

या तीनपैकी एक गाडी हेन्री एडमंड्स या ओळखीच्या गृहस्थांकडे गेली. त्यांचा एक मित्र होता चार्ल्स रोल्स. लॉर्डचा मुलगा, केंब्रिजला शिकलेला. लंडनमध्ये त्याची परदेशी गाड्यांची शोरूम होती, पण विकायला चांगली ब्रिटिश गाडी मिळत नाही ही त्याची खंत होती.

४ मे १९०४ ला मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात दोघांची भेट झाली. रोल्सला दोन सिलिंडरच्या गाड्या आवडायच्या नाहीत, थरथरतात म्हणून. रॉइसच्या गाडीत बसल्यावर त्याचं मत बदललं. रॉइस बनवेल तेवढ्या गाड्या रोल्स विकेल असं ठरलं. १९०६ मध्ये रोल्स-रॉइस लिमिटेड कंपनी स्थापन झाली.

दोन पौंडांची दुरुस्ती

त्याच वर्षी सहा सिलिंडरची नवी गाडी लोकांसमोर आली. तीच पुढे सिल्व्हर घोस्ट म्हणून गाजली.

तेव्हा गाडी घेणं म्हणजे घरी एक मेकॅनिक ठेवणं. रोज तेल-ग्रीस करायचं, प्लग साफ करायचे, टायर पंक्चर झाला की रस्त्यातच बसायचं. जुनी ब्रिटिश गाडी घरी जपणाऱ्यांना हे आजही चुकलेलं नाही. पॉइंट घासा, कार्बोरेटर धुवा, ऑइल कुठून गळतंय ते शोधा, रविवार तसाच जातो.

रॉइसने हा त्रास मुळातच कमी करायचं ठरवलं. क्रँकशाफ्टला सात ठिकाणी बेअरिंगचा आधार दिला. तेल दाबाने थेट बेअरिंगपर्यंत पोचवलं. एका सिलिंडरला दोन प्लग आणि इग्निशनच्या दोन वेगळ्या व्यवस्था ठेवल्या. एक बंद पडली तरी दुसरीवर गाडी घरी येणार.

१९०७ मध्ये रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली एक सिल्व्हर घोस्ट सुमारे १५,००० मैल पळवली. म्हणजे जवळपास २४,००० किलोमीटर, लंडन ते ग्लासगो आणि परत, रात्रंदिवस. नंतर गाडी खोलून प्रत्येक भाग मोजला. झिजलेले भाग बदलायचा खर्च निघाला दोन पौंडांच्या थोडासा वर.

पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, ही गाडी आपल्याकडे आली. मुंबई ते कोल्हापूर अशी भरवशाची परीक्षा घेणारी स्पर्धा होती. ६२० मैलांचं अंतर आणि मध्ये सह्याद्रीचे घाट. त्यात पर्ल ऑफ द ईस्ट नावाची रोल्स-रॉइस न थांबता पार झाली आणि जिंकली. ती गाडी मग ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतली. भारतातल्या संस्थानिकांना रोल्स-रॉइसचं वेड लागलं त्यात या घाटातल्या परीक्षेचाही वाटा होता.

गाडी टिकली, माणूस खचला

हे सगळं फुकट झालं नाही.

रॉइस कामात असला की जेवायचं विसरायचा. कारखान्यात त्याच्या मागे दुधाचा ग्लास घेऊन पोराला पाठवावं लागायचं असं सांगतात. १२ जुलै १९१० ला विमान अपघातात रोल्स गेला. पुढच्या वर्षी रॉइस आजारी पडून कोसळला. मोठी शस्त्रक्रिया झाली. तो आता थोड्याच दिवसांचा सोबती आहे, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. पत्नी मिनीपासूनही तो याच काळात वेगळा झाला.

कंपनीचा कारभार बघणारे क्लॉड जॉन्सन यांनी त्याला फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नेलं. तिथे घर बांधलं, शेजारी ड्रॉइंगवाल्यांची सोय केली. एथेल ऑबिन नावाच्या नर्सने त्याला शेवटपर्यंत सांभाळलं. डर्बीच्या कारखान्यात त्याने नंतर जवळपास पाऊलच ठेवलं नाही. ज्याला पाना हातात घेतल्याशिवाय चैन पडत नव्हतं, त्याला उरलेलं आयुष्य कागदावर गाड्या दुरुस्त कराव्या लागल्या.

पण सवय तीच राहिली. १९१२ मध्ये आल्प्सच्या स्पर्धेत एक सिल्व्हर घोस्ट चढावर अडकली, कारण तिचा गिअरबॉक्स तीन गिअरचा होता. कंपनीने कारणं दिली नाहीत. चार गिअर बसवले आणि १९१३ मध्ये त्याच आल्प्समध्ये येऊन बाकीच्यांना मागे टाकलं.

वाळवंटातून नगरपर्यंत

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. ब्रिटिश नौदलाच्या हवाई दलाला वेगवान चिलखती गाड्या हव्या होत्या. मग सिल्व्हर घोस्टच्याच चासीवर पोलादी पत्रे आणि मशीनगन चढवली. वजन झालं चार टनांच्या वर. महाराजांसाठी बनवलेलं इंजिन ते ओढत राहिलं.

अरबस्तानच्या वाळवंटात टी. ई. लॉरेन्सनेही या गाड्या वापरल्या. तिथे ना गॅरेज, ना स्पेअर पार्ट. दीड वर्ष गाड्या पळाल्यावर एकीच्या स्प्रिंगचा आधार तुटला, तेव्हा ड्रायव्हरने लाकडाचे तुकडे तारेने आवळून गाडी परत चालू केली. युद्धानंतरही या चिलखती गाड्या भारतासह अनेक ठिकाणी लष्कराच्या सेवेत राहिल्या. नगरच्या संग्रहालयात दिसते ती याच घराण्यातली.

रॉइसचं काम तिकडे चालूच होतं. विमानाची इंजिनं आली. १९३० मध्ये, ज्याची शाळा नावापुरती झाली होती तो हेन्री, सर हेन्री झाला. १९३१ मध्ये कंपनीने ले मान्सची शर्यत पाच वेळा जिंकलेली बेंटली विकत घेतली आणि आवाज न करणारी स्पोर्ट्‌स कार म्हणून ती नव्याने बाजारात आणायची तयारी केली. ती कार १९३३ च्या शरद ऋतूत आली. रॉइस त्याआधीच, २२ एप्रिल १९३३ ला, वेस्ट विटरिंगच्या घरी वारला. शेवटच्या दिवसांतही अंथरुणात बसून तो गाडीच्या शॉक अॅब्सॉर्बरचं चित्र काढत होता असं सांगितलं जातं.

त्याच्या देखरेखीखाली सुरू झालेलं एक विमान इंजिन तो गेल्यावर सहा महिन्यांनी पहिल्यांदा चालू झालं. मर्लिन त्याचं नाव. दुसऱ्या महायुद्धात ते स्पिटफायर विमानात बसलं. त्याच मर्लिनवरून पुढे मेटिऑर हे रणगाड्याचं इंजिन बनलं आणि ते सेंच्युरियन रणगाड्यात गेलं. १९६५ मध्ये असल उत्तरच्या लढाईत पाकिस्तानच्या पॅटनसमोर भारताचे जे रणगाडे उभे ठाकले, त्यात हे सेंच्युरियन होते.

नगरच्या संग्रहालयात पॅटन आहे, सेंच्युरियनही आहे. म्हणजे रॉइसचं काम तिथे दोनदा बघायला मिळतं. एकदा त्या चिलखती गाडीत आणि एकदा सेंच्युरियनच्या पोटात. पुढच्या वेळी नगरला गेलात तर पॅटनसमोर फोटो काढून झाल्यावर या दोघांकडेही एक फेरी मारा.