व्याख्या पाठ, पण उत्तर गायब!

विज्ञानाचा पेपर हातात येतो. 'जडत्व म्हणजे काय?' असा प्रश्न दिसला की तुम्ही खूश! पण त्याच्याच खाली विचारलेलं असतं, की बसच्या टपावरचं सामान दोरीने का बांधतात? इथे पेन अडतं. घरी आल्यावर मात्र डोक्यात ट्यूब पेटते: अरे, हे तर आपल्याला येत होतं! तुमचंही असं होत असेल, तर रिचर्ड फाइनमन यांची गोष्ट तुमच्यासाठीच आहे.

रिचर्डचा जन्म ११ मे १९१८चा, न्यूयॉर्कमधला. वडील शास्त्रज्ञ नव्हते, गणवेशांच्या धंद्यात होते. पण पोराला नीट बघायला त्यांनीच शिकवलं. रिचर्डच्या खेळण्यातल्या गाडीत एक चेंडू होता. गाडी ओढली की तो मागे जायचा. असं का, म्हणून त्याने विचारलं. वडिलांनी जडत्व हे नाव सांगितलं, पण तेवढ्यावर सोडलं नाही. बाजूने बघ, म्हणाले. बघितलं तर चेंडू मागे जात नव्हताच. तो आपल्या जागी राहू पाहत होता आणि गाडीच त्याच्या खालून पुढे सरकत होती. एसटी अचानक सुटली की आपण मागे कलतो ना? त्या वेळी आपण गाडीतला चेंडू असतो!

हीच सवय पुढे कामी आली. शाळकरी वयातच तो लोकांचे रेडिओ दुरुस्त करायचा. एक रेडिओ सुरू केला की आधी जोरात खरखरायचा, मग नीट वाजायचा. रिचर्डने लगेच पेचकस काढला नाही. खोलीत येरझाऱ्या घालत तो विचार करत बसला. बिघाड कुठे असेल तर असं होईल, याचा अंदाज आला, तेव्हा त्याने आतल्या नळ्यांची अदलाबदल केली आणि खरखर थांबली. अॅप्लिकेशनचा प्रश्न सोडवणं म्हणजे तरी दुसरं काय!

मोठेपणी, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, फाइनमन ब्राझीलमध्ये रिओला शिकवायला गेले. तिथली मुलं हुशार होती. परावर्तित प्रकाशाचं ध्रुवण कोणत्या कोनात होतं, हा नियम त्यांना तोंडपाठ. पण खिडकीबाहेर चमकणाऱ्या खाडीच्या पाण्याकडे पोलरॉइडमधून बघितलं तर काय दिसेल, असं विचारल्यावर सगळे गप्प. वाकणाऱ्या प्रकाशाचा तो पुस्तकातला 'माध्यम' म्हणजे समोरचं पाणीच, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. फाइनमननी पोलरॉइड फिरवून बघायला लावलं, तेव्हा मुलं चकित झाली.

जाण्यापूर्वी त्यांनी भाषणात स्पष्ट सांगून टाकलं, की इथे विज्ञान शिकवलंच जात नाही. समोर प्राध्यापकही बसले होते! उदाहरण त्यांनी पाठ्यपुस्तकातलंच दिलं. स्फटिक चिरडल्यावर निघणाऱ्या प्रकाशाची व्याख्या पुस्तकात होती. पण अंधारात साखरेचा खडा पकडीने फोडा, निळसर चमक दिसेल, हे कुठेच नव्हतं. (खडीसाखर घेऊन तुम्हीही करून बघा. आधी डोळे अंधाराला सरावू द्या.)

१९६५मध्ये त्यांना आणखी दोघांसोबत भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण त्यांची सर्वांत गाजलेली 'प्रॅक्टिकल' अजून व्हायची होती. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं. सात जण गेले. त्या सकाळी कडाक्याची थंडी होती. चौकशी समितीत फाइनमन होते. सुनावणीत त्यांनी रॉकेटच्या सांध्यातल्या रबराचा तुकडा छोट्या क्लॅम्पमध्ये दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला. बाहेर काढून क्लॅम्प सैल केला, तर रबर झटकन मूळ आकारात आलंच नाही. सांधा का उघडा पडला, ते सगळ्यांना दिसलं. थंडीत रबर कडक होतं, हे काही गुपित नव्हतं. इंजिनिअरांनी आदल्या रात्री धोक्याचा इशाराही दिला होता. माहिती होती, पण निर्णय घेताना ती वापरली गेली नाही. परीक्षेत अशा चुकीला दोन मार्क जातात. इथे सात जीव गेले.

१५ फेब्रुवारी १९८८ रोजी फाइनमन गेले. त्यांच्याकडून एवढं नक्की उचला. व्याख्या वाचली की पुस्तक मिटा आणि ती पारिभाषिक शब्द न वापरता सांगून बघा. मग स्वतःला विचारा: हे मी घरात, रस्त्यावर, स्वयंपाकघरात कुठे बघितलंय? आणि यातली एक गोष्ट बदलली तर काय होईल? रोज एका व्याख्येला हे करा. पेपरात मोठा प्रश्न आला तर घाबरू नका. काय हलतंय, काय बदलतंय, ते आधी शोधा. नियम त्यानंतर आठवा.

आता त्या टपावरच्या सामानाकडे वळू. ब्रेक लागला, बस थांबली. सामान मात्र आधीच्याच वेगाने पुढे जाऊ पाहतंय, आणि दोरी नसेल तर ते रस्त्यावर येणार. बघा, चेंडूचीच गोष्ट आहे, फक्त उलटी. सुटलं ना उत्तर?