वसंत देसाई : ऋण मानणारा संगीतकार

मालवण-कुडाळच्या मुलखात भातकापणी आटोपली की देवळोदेवळीच्या जत्रा सुरू होतात आणि रात्ररात्र दशावतार रंगतो. या नाटकाला लिखित संहिता नसते. नट आयत्या वेळी बोलतो, गातो. पेटी, पखवाज आणि झांज यांना त्याच्या मागोमाग जावे लागते. साथीदाराने नटावर कुरघोडी करावयाची नाही, हा तेथील अलिखित दंडक होय. याच मुलखात, कुडाळ तालुक्यातील सोनवडे गावी, १९१२ साली वसंत देसाई यांचा जन्म झाला. पुढे चित्रपटाच्या झगमगत्या दुनियेत नाव मिळवूनही त्यांनी हा दंडक कधी मोडला नाही, असे त्यांचे कार्य पाहिल्यावर म्हणावेसे वाटते.

कोकणातील अनेक तरुणांप्रमाणे त्यांनीही पोटापाण्यासाठी घाट ओलांडला. मात्र ते मुंबईच्या गिरणीत गेले नाहीत. कोल्हापुरात 'प्रभात'च्या दारी गेले. तेथे पडेल ते काम करता करता त्यांना गुरू लाभले. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटाचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे होते आणि त्यात तरुण देसाईंचा आवाजही उमटला. टेंबे हे स्वतः भास्करबुवा बखल्यांसारख्या गायकाला पेटीची साथ केलेले आणि अल्लादियाखाँ साहेबांचे चरित्र लिहिणारे, म्हणजे दुसऱ्याच्या मोठेपणाचा मनमोकळा गौरव करणारे कलावंत. मास्तर कृष्णरावांचे काम त्यांना 'प्रभात'मध्येच जवळून पाहावयास मिळाले; तेही भास्करबुवांचेच शिष्य. थोरांपुढे नम्र होण्यात कमीपणा नाही, हा संस्कार देसाईंना असा परंपरेनेच मिळाला.

व्ही. शांतारामांनी 'प्रभात' सोडून 'राजकमल' उभारले तेव्हा देसाई त्यांच्यासमवेत गेले. 'शकुंतला', 'डॉ. कोटणीस की अमर कहानी', 'अमर भूपाळी' अशी चढती कमान झाली. परंतु त्यांच्या वृत्तीची खरी कसोटी १९५५ साली 'झनक झनक पायल बाजे' या चित्रपटात लागली. रंगीत चित्रपट हा त्या काळी मोठ्या भांडवलाचा जुगार. अशा वेळी व्यापारी हिशेब सांगतो की खपणारा आवाज घ्यावा. देसाईंनी शीर्षकगीतासाठी उस्ताद अमीरखाँ यांना पाचारण केले आणि अडाणा रागात ते गाणे बांधले. यापूर्वी १९५२ साली नौशाद यांनी 'बैजू बावरा'त खाँसाहेबांचा आवाज वापरला होता, हे खरे. देसाईंनी तो आवाज चित्रपटाच्या उंबरठ्यावरच ठेवला. विलंबित लयीत तासन् तास रमणाऱ्या या धीरगंभीर गायकाविषयीचा आदर त्यांनी शब्दांनी नव्हे, स्वररचनेने व्यक्त केला.

चार वर्षांनी आलेल्या 'गूँज उठी शहनाई'त तेच घडले. उस्ताद बिस्मिल्लाखाँ यांची सनई हाच त्या चित्रपटाचा प्राण होता, आणि अमीरखाँचा स्वरही तेथे पुन्हा भेटला. रंगभूमीवर 'देव दीनाघरी धावला' या नाटकासाठी त्यांनी कुमार गंधर्वांचा आवाज मिळविला आणि त्यांच्याबरोबर गाण्यास वाणी जयराम या नवख्या गायिकेला उभे केले. १९७१ च्या 'गुड्डी'त त्याच गायिकेचे नाव घरोघरी पोहोचले. १९६६ साली एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी संयुक्त राष्ट्रसंघात गायिलेल्या विश्वमैत्रीच्या संस्कृत रचनेची चालही देसाईंचीच. गायक थोर असो वा नवखा, त्याला पुढे करून आपण मागे राहावयाचे, हीच त्यांची रीत.

या रीतीची किंमतही त्यांना मोजावी लागली. गाणे गायकाच्या नावाने ओळखले जाते, चित्रपट दिग्दर्शकाच्या. संगीतकार विस्मरणात जातो. 'दो आँखें बारह हाथ' आणि 'गुड्डी' यांतील प्रार्थना देशभरच्या शाळांतून म्हटल्या जातात, पण त्या म्हणणाऱ्या मुलांना, आणि म्हणवून घेणाऱ्या शिक्षकांनाही, चालकर्त्याचे नाव बहुधा ठाऊक नसते. २२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत उद्वाहनाच्या अपघातात त्यांचा दुर्दैवी अंत झाला.

आज मालवणला येणारा प्रवासी सिंधुदुर्ग किल्ला पाहतो, मासळीचे जेवण जेवतो आणि परततो. त्याच्या खर्चावर जिल्ह्याच्या उत्पन्नाचा हिशेब मांडला जातो. ज्या मातीतून असा संगीतकार निपजला, त्या मातीची ही दुसरी संपत्ती मात्र कोणत्याच जमाखर्चात दिसत नाही. देसाईंनी आपल्यावरील ऋण आयुष्यभर मानले आणि व्याजासह फेडले. त्यांचे ऋण फेडावयाचे झाल्यास आरंभ अवघड नाही. शाळेत प्रार्थना सुरू होण्यापूर्वी एकदा तरी मुलांना त्यांचे नाव सांगावे, आणि जत्रेच्या रात्री पेटीवर बसलेल्या त्या अनामिक साथीदाराकडेही जरा आदराने पाहावे.