पक्षिविद्येचे महर्षी : डॉ. सालिम अली

भारतातील पक्ष्यांची सर्वसामान्य वाचकाशी ओळख करून देणारे डॉ. सालिम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. शैशवातच मातापित्यांचे छत्र हरपल्यामुळे त्यांचे संगोपन खेतवाडीत, मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी झाले. मामांना शिकारीचा छंद असल्याने भाच्याच्या हातीही लवकरच छऱ्यांची बंदूक आली.

दहा वर्षांच्या सुमारास या मुलाने तबेल्याच्या भिंतीतील चिमणीच्या घरट्यावर पाळत ठेवली. मादी आत अंड्यांवर आणि नर बाहेर खिळ्यावर बसलेला असे. नर टिपला की थोड्याच वेळात दुसरा नर तेथे हजर होई. सात दिवसांत असे आठ नर त्याने टिपले आणि ती हकिकत नोंदून ठेवली. आज हे कृत्य निर्दय वाटते. परंतु चिमण्या त्या काळी किती विपुल होत्या, याची ती बोलकी साक्ष आहे.

पुढे पिवळ्या गळ्याची एक निराळीच चिमणी हाती आली. तिची ओळख पटविण्यासाठी मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. तेथील मानद सचिव मिलार्ड यांनी ती रानचिमणी असल्याचे सांगून संस्थेचा पक्षिसंग्रह त्याला दाखविला. त्याच दिवशी आयुष्याची दिशा ठरली.

मार्ग मात्र सुकर नव्हता. ब्रह्मदेशातील व्यवसायात यश आले नाही. विद्यापीठाची पदवी नसल्याने प्राणिसर्वेक्षण खात्याचे दार बंद राहिले. बर्लिनमध्ये स्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकून १९३० साली परतले, तो मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील त्यांची जागाच रद्द झालेली होती. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीम येथे राहिले आणि बेकारीच्या त्या दिवसांत त्यांनी सुगरण पक्ष्याच्या विणीचा मूलगामी अभ्यास केला. १९३९ मध्ये पत्नीचे निधन झाले. तो आघात सोसून १९४१ साली त्यांनी भारतीय पक्ष्यांवरील सचित्र ग्रंथ सिद्ध केला. डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा महाग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. १९७६ मध्ये पद्मविभूषण आणि १९८५ मध्ये राज्यसभेचे सदस्यत्व त्यांना लाभले. १९८५ च्या आत्मचरित्राच्या शीर्षकातही त्यांनी चिमणीलाच स्थान दिले. १९८७ साली मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या पश्चात नगरांतील चिमणी विरळ होत गेली. २०२० च्या भारतीय पक्षिस्थितीच्या अहवालानुसार देशभरात तिची संख्या साधारणतः स्थिर असली, तरी दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूर व हैदराबाद या महानगरांत ती घटली आहे. काचेच्या व सिमेंटच्या गुळगुळीत इमारतींत वळचण उरली नाही. पिलांना भरवावयाचे किडे औषधफवारणीने आणि बागांतील परदेशी झाडांमुळे दुर्मिळ झाले, अशी कारणे अभ्यासक सांगतात. २०१२ साली दिल्लीने चिमणीला राज्यपक्ष्याचा मान दिला, यातच तिची चिंता व्यक्त होते.

नोकरीच्या निमित्ताने याच महानगरांत विखुरलेली आपली मराठी घरे मुलांना आजही चिऊकाऊचा घास भरवितात. ती चिऊ मुलांना केवळ शब्दांतूनच भेटावी, हे उचित नव्हे. सज्जात पाण्याचे मातीचे भांडे, भिंतीशी एखादी लाकडी पेटी, कुंड्यांतून देशी झाडे आणि शेजारी एक वही, एवढे प्रत्येक घराला सहज साध्य आहे. सालिम अलींच्या थोर कार्याचा आरंभही एका मुलाने केलेल्या चिमणीच्या नोंदीनेच झाला होता.