गणिताच्या वर्गातून ग्रंथालयाकडे

गेल्या वर्षी १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनाच्या निमित्ताने, जवळच्या शाळेतील नववी-दहावीची मुले आमच्या महाविद्यालयाचे ग्रंथालय पाहायला आली होती. मी ‘कमवा व शिका’ योजनेत ग्रंथालयात काम करते, म्हणून मुलांना या व्यवसायाची माहिती देण्याचे काम सरांनी माझ्यावर सोपवले. मी कपाटे दाखवली, संगणकावर पुस्तक कसे शोधायचे ते दाखवले. तेवढ्यात एका मुलीने विचारले, की पुस्तके द्यायची आणि परत घ्यायची, एवढ्यासाठी वेगळी पदवी कशाला हवी?

मला उत्तर सुचले नाही. खरे सांगायचे तर माझ्याही मनात तोच प्रश्न होता. बी. ए. नंतर दुसरे काहीच जमले नाही तर ग्रंथालयाचा अभ्यासक्रम करीन, असे मी घरी सांगत असे. त्या संध्याकाळी सरांनी काही न बोलता डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांचे चरित्र माझ्या हाती ठेवले. सकाळी त्यांच्याच तसबिरीला मी हार घातला होता. पण हा माणूस कोण, हे मला ठाऊक नव्हते.

रंगनाथन यांचा जन्म ऑगस्ट १८९२ मध्ये, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील शियाळी येथे झाला. वडील लवकर वारले. मद्रासच्या ख्रिश्चन महाविद्यालयात त्यांनी गणितात एम. ए. केले. बोलताना ते अडखळत. तरीही शिक्षक होण्याचा ध्यास त्यांनी सोडला नाही. मंगळूर, कोइमतूर आणि मग मद्रासचे प्रेसिडेन्सी कॉलेज, असा त्यांचा अध्यापनाचा प्रवास झाला. गणित आणि विद्यार्थी, हेच त्यांचे विश्व होते.

पुढे मद्रास विद्यापीठाने ग्रंथपालाचे पद निर्माण केले. पगार बरा होता, म्हणून मित्रांच्या आग्रहाने रंगनाथन यांनी अर्ज केला. ग्रंथालयाच्या कामाचा अनुभव शून्य! मुलाखतीपूर्वी विश्वकोशातील ग्रंथालयावरचा लेख वाचला, एवढीच तयारी. तरी निवड झाली आणि जानेवारी १९२४ मध्ये ते रुजू झाले. वाचक फिरकत नसत, काम नसे. तो एकांत त्यांना तुरुंगासारखा वाटला. काही दिवसांतच ते आपल्या जुन्या महाविद्यालयात गेले आणि मला परत घ्या, अशी विनवणी करू लागले. शेवटी तडजोड झाली. आधी इंग्लंडला जाऊन हे शास्त्र शिकून यावे. त्यानंतरही मन रमले नाही तर खुशाल गणिताकडे परतावे.

हे वाचून मी थबकले. ज्यांना या शास्त्राचे भारतातील जनक म्हणतात, तेही प्रथम इथून पळूनच जायला निघाले होते!

लंडनमध्ये ते युनिव्हर्सिटी कॉलेजच्या ग्रंथालयशास्त्र विभागात शिकले. क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख बर्विक सेयर्स हे त्यांचे गुरू. तेथील ग्रंथालयांत कामगार, गृहिणी, लहान मुले अशी सारी माणसे हक्काने येताना त्यांनी पाहिली. ग्रंथालय म्हणजे पुस्तकांची कोठी नसून समाजाची शाळा आहे, हे त्यांच्या मनात ठसले. १९२५ साली ते परतले, ते गणिताकडे पुन्हा न वळण्यासाठीच.

गणित मात्र त्यांच्याबरोबर ग्रंथालयात आले. लंडनच्या एका दुकानात त्यांनी मेकॅनोचे खेळणे पाहिले होते. त्याच पट्ट्या आणि तेच स्क्रू वापरून निरनिराळ्या वस्तू जोडता येतात, हे पाहून त्यांना विषयांचे वर्गीकरणही तसेच करावे असे सुचले. भारतात १९५० च्या सुमारास फुप्फुसांच्या क्षयावर झालेले उपचार, हा एखाद्या पुस्तकाचा विषय समजा. त्यात अवयव, रोग, उपचार, स्थळ आणि काळ असे सुटे भाग आहेत. प्रत्येक भागाला चिन्ह द्यायचे आणि ती चिन्हे जोडायची. या पद्धतीत जोडणीसाठी अपूर्णविरामाचे चिन्ह वापरले, म्हणून तिला द्विबिंदू वर्गीकरण म्हणतात. तिचा ग्रंथ १९३३ साली प्रसिद्ध झाला.

त्याआधी १९३१ साली त्यांचा पंचसूत्रांचा ग्रंथ आला होता. पुस्तके वापरासाठी असतात. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचावा. आणि ग्रंथालय ही वाढती, जिवंत संस्था आहे, असा त्या सूत्रांचा आशय आहे. वाचायला किती सोपे! पण पाळायला गेले की कुलूपबंद कपाटे उघडावी लागतात, वेळा वाढवाव्या लागतात. रंगनाथन यांनी मद्रासमध्ये वाचकांना थेट कपाटांपर्यंत जाऊ दिले. त्याच १९३१ साली त्यांच्या प्रेरणेने मन्नारगुडी परिसरात बैलगाडीतून खेड्यांकडे पुस्तके जाऊ लागली. स्वतः ते सुट्टी न घेता राबत. लग्नाच्या दिवशीही दुपारी ते ग्रंथालयात हजर झाले, असे सांगतात.

वीस वर्षांनी, १९४५ साली, त्यांनी मद्रास सोडले. बनारस हिंदू विद्यापीठात सुमारे एक लाख पुस्तकांचे वर्गीकरण त्यांनी जवळजवळ एकहाती केले. १९४७ पासून दिल्ली विद्यापीठात शिकवले. ग्रंथालयांसाठी कायदा हवा, हा त्यांचा आग्रह होता. मद्रास प्रांताचा कायदा १९४८ साली झाला. आपल्याकडे कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली आणि महाराष्ट्र राज्याने १९६७ साली असा कायदा केला. १९६२ साली त्यांनी बंगळूरला प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभारले. आयुष्याच्या बचतीतून एक लाख रुपये त्यांनी मद्रास विद्यापीठाला, पत्नी शारदा यांच्या नावाच्या अध्यासनासाठी दिले. २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.

चरित्र परत करायला गेले तेव्हा सरांनी विचारले, त्या मुलीला काय सांगशील? मी म्हटले, पुस्तक देणे हे काम दिसते तेवढे छोटे नाही. कोणाला काय हवे आहे हे ओळखणे आणि माहितीच्या ढिगाऱ्यातून ते त्याच्या हाती देणे, हे खरे काम. आज तो ढिगारा संगणकात आहे, एवढाच फरक. पदवीनंतर एका वर्षाचा बी. लिब. आणि मग एम. लिब. करून शाळा-महाविद्यालयांतच नव्हे, तर संशोधन संस्था, वृत्तपत्रे, न्यायालये, अभिलेखागारे येथेही हे काम करता येते. जागा थोड्या आहेत, हेही मी तिला सांगेन, लपवणार नाही.

मात्र दुसरे काही न जमल्यास, हे शब्द मी आता घरी उच्चारत नाही. पदवीनंतर बी. लिब. चा अर्ज भरायचा, असे मी वडिलांना सांगितले आहे. ते अजून नाराज आहेत. सध्या ते चरित्र त्यांच्या उशाशी आहे.