पोलीस परदेशी ज्यूंची यादी मागायला आले, पण पाद्र्याने ती दिलीच नाही

ऑगस्ट १९४२. फ्रान्समधल्या ल शाँबों-सुर-लिन्यों या डोंगरातल्या गावात पोलीस बस घेऊन आले. गावात आसरा घेतलेल्या परदेशी ज्यूंची नावं त्यांना हवी होती. चर्चचे पाद्री आंद्रे त्रोक्मे यांनी यादी द्यायला नकार दिला. मेंढपाळ आपली मेंढरं कुणाच्या हाती देत नाही, अशी त्यांची भूमिका होती.

विशेष म्हणजे हा आदेश सरकारी होता. जर्मनीपुढे हरल्यावर फ्रान्समध्ये व्हिशी सरकार आलं होतं. त्याने आधी फ्रेंच नागरिक नसलेल्या ज्यूंना पकडून जर्मनांच्या ताब्यात द्यायला सुरुवात केली. तिथून त्यांची रवानगी छळछावण्यांत व्हायची.

त्रोक्मेंचा जन्म १९०१ सालचा, सेंट-क्वेंटिन शहरातला. वडील फ्रेंच, आई जर्मन. पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये जर्मन सैन्याने हे शहर रिकामं केलं आणि त्रोक्मे कुटुंबाला बेल्जियममध्ये निर्वासित म्हणून राहावं लागलं. घरदार सुटणं काय असतं, हे त्यांना कोवळ्या वयातच कळलं.

१९३४ मध्ये ते ल शाँबोंला आले. हे गाव प्रोटेस्टंटांचं. कॅथलिक राजांच्या काळात इथल्या पूर्वजांचाही धर्मामुळे छळ झाला होता. त्यामुळे लपणाऱ्याला दार उघडणं गावाला नवं नव्हतं. त्रोक्मेंच्या घराचं दार अनेकदा त्यांच्या पत्नी माग्दा उघडायच्या.

आता मुद्दा बायबलचा. त्यात सत्तेच्या अधीन राहा असं सांगितलंय आणि परक्यावर प्रेम करा असंही. दोन्ही एकदम जमत नसेल तर? त्रोक्मेंचं उत्तर स्पष्ट होतं. सरकारची आज्ञा येशूच्या शिकवणीच्या आड आली, तर ती मोडायची. पण शस्त्र उचलायचं नाही आणि शत्रूचा द्वेषही करायचा नाही.

याची किंमत मोजावी लागली. फेब्रुवारी १९४३ मध्ये त्यांना अटक झाली. सरकारशी निष्ठेच्या कागदावर त्यांनी सही केली नाही. सुमारे महिनाभराने सुटका झाली, पण पुढे त्यांना भूमिगत व्हावं लागलं. गावातलं विद्यार्थ्यांचं वसतिगृह सांभाळणारे त्यांचे नातेवाईक दानिएल त्रोक्मे यांना मात्र मुलांसोबत पकडून नेलं. १९४४ मध्ये मायदानेक छावणीत त्यांचा मृत्यू झाला.

गाव आणि आसपासच्या पठारावर किती जण वाचले, याचे अंदाज वेगवेगळे आहेत. काही अंदाज ३ ते ५ हजारांपर्यंत जातात. त्रोक्मे १९७१ मध्ये वारले. १९९० मध्ये इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने अख्ख्या गावाचा गौरव केला.

आजची प्रत्येक हद्दपारी म्हणजे नाझी छावणी नव्हे आणि कुणाला राहू द्यायचं हे ठरवायचा अधिकार देशांना आहेच. पण ज्याला बसमध्ये बसवतोय, त्याचं पुढे काय होणार, ही जबाबदारी त्रोक्मेंनी सरकारवर ढकलली नाही. स्थलांतरितांना परत पाठवण्यावरून ख्रिस्ती समाजात आजही वाद होतात, आणि त्यांना हाच प्रश्न टाळता येत नाही.