सावित्रीबाईंची घरं आणि आपला वाडा



स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहून पाठव, असा निरोप आला. आठवणी पुष्कळ आहेत, पण त्या तुमच्याही आहेत. म्हणून मी आज सावित्रीबाई फुले यांच्यावर लिहितो आहे. त्याचं कारण शेवटी कळेल.

दर 3 जानेवारीला आपण जुन्या वाड्याच्या चौकात गोणपाटावर बसायचो आणि चौथीच्या बाई सावित्रीबाईंची गोष्ट सांगायच्या. शेण, दगड, पिशवीतलं जादा लुगडं, एवढं आपल्या सगळ्यांना पाठ होतं. पण ती पहिली शाळा नेमकी कुठल्या घरात भरली आणि ते घर कुणाचं होतं, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही.

सावित्रीबाईंचा जन्म 1831 सालचा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. वडील खंडोजी नेवसे पाटील. 1840 मध्ये लग्न झालं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या आणि जोतीराव तेरा वर्षांचे. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, जोतीरावांकडून. पुढे अहमदनगर आणि पुणे इथे त्यांनी शिक्षिकेचं रीतसर प्रशिक्षण घेतलं. त्यांचं नायगावचं घर आज स्मारक म्हणून जपलेलं आहे. मी ते पाहून आलो. घर बेताचंच आहे, पण नांदतं वाटतं, कारण तिथे माणसांची ये-जा असते आणि 3 जानेवारीला तर गाव भरून जातं.

1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढायचं ठरलं, तेव्हा या दोघांकडे ना पैसा होता ना जागा. बुधवार पेठेतल्या आपल्या वाड्यात तात्यासाहेब भिडे यांनी जागा दिली. पहिल्या दिवसांत मुली होत्या सहा. त्या काळी वाडा मुलींच्या शाळेला देणं म्हणजे भाऊबंदांचा आणि शेजाऱ्यांचा राग ओढवून घेणं. शाळेच्या इतिहासात शिकवणाऱ्यांची नावं येतात, तसं जागा देणाऱ्याचंही यायला हवं.

विरोध घरापर्यंत पोचला. 1849 मध्ये दोघांना सासरचं घर सोडावं लागलं. तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरात आसरा दिला. त्याच घरातल्या फातिमा शेख सावित्रीबाईंच्या शाळेच्या कामात सोबतीण झाल्या. 1851 च्या जुलैत बुधवार पेठेतच अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई तिथे मुख्याध्यापिका झाल्या. सप्टेंबरात रास्ता पेठेत आणखी एक, पुढच्या मार्चमध्ये वेताळ पेठेत तिसरी. या शाळांनी नव्या इमारतीची वाट पाहिली नाही. ओसरी, माजघर, माडी, जे मिळालं त्यात फळा लावला आणि वर्ग सुरू केला.

या कामाबद्दल 16 नोव्हेंबर 1852 रोजी जोतीरावांचा सरकारी सत्कार झाला तो विश्रामबागवाड्यात. दुसऱ्या बाजीरावाने राहण्यासाठी बांधलेला हा वाडा पेशवाई गेल्यावर पाठशाळेसाठी वापरात आला होता. 1879 मध्ये तो आगीत सापडला आणि पुन्हा उभा केला गेला. पुढे महापालिकेची कार्यालयं, टपाल कार्यालय, प्रदर्शनं असं काही ना काही त्यात चालत राहिलं. कोरीव लाकडी खांबांचा तो वाडा आजही उभा आहे.

गंज पेठेतला फुले वाडा मात्र त्यांचा स्वतःचा. त्या घरालाही त्यांनी नुसतं घर राहू दिलं नाही. 1863 मध्ये तिथे बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. फसलेल्या विधवा तिथे येत, बाळंत होत, आणि त्यांची बाळंतपणं सावित्रीबाई करत. त्यांतल्याच एका मातेचा मुलगा, यशवंत, या दांपत्याने दत्तक घेतला. 1868 मध्ये घरातला पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. 1890 मध्ये जोतीराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं सावित्रीबाईंनी हाती धरलं. वाड्यात जोतीरावांच्या अस्थी ठेवलेलं तुळशीवृंदावन आहे, हौदही आहे. आज ते राज्य संरक्षित स्मारक आहे.

त्यानंतर सावित्रीबाईंनी सत्यशोधक समाजाचं काम पुढे नेलं. 1897 मध्ये पुण्यात प्लेगने कहर केला. डॉक्टर झालेल्या यशवंताने हडपसरच्या बाजूला माळरानावर दवाखाना उघडला. तिथे पेशंट आणण्याचं काम सासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई करत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यापर्यंत चालत गेल्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या.

आता भिडे वाड्याकडे परत येतो, कारण ही माझी स्वतःची टोचणी आहे. कॉलेजच्या वर्षांत मी पुण्यात होतो. दगडूशेठ गणपतीला जाताना समोरच हा वाडा. खाली दुकानं, वर मोडकळलेली माडी. किती वेळा तिथून गेलो असेन! एकदाही मान वर करून पाहिलं नाही. बाईंनी सांगितलेली शाळा इथेच भरली हे कळलं तेव्हा माडीवर चढायचीही सोय उरली नव्हती. जागेचा वाद वर्षानुवर्षं कोर्टात राहिला. त्या काळात पाऊस काही थांबला नाही आणि वाळवीही. 2023 च्या डिसेंबरात उरलेला वाडा पाडण्यात आला. तिथे आता स्मारक व्हायचं आहे. ते व्हावंच. पण जिथे त्या सहा मुली बसल्या ती जमीन, ती भिंत पुन्हा कुणाला दाखवता येणार नाही.

पुण्यातलीच आणखी एक इमारत पाहा. गणेशखिंडीत मुंबईच्या गव्हर्नरांच्या पावसाळी मुक्कामासाठी राजवाडा बांधला होता. 1949 मध्ये तिथे विद्यापीठ आलं आणि 2014 मध्ये त्या विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव मिळालं. गोऱ्या साहेबाच्या घरात आज खेड्यापाड्यातल्या मुली पदवीचे कागद घ्यायला जातात. ती इमारत टिकली, कारण तिला काम मिळालं.

मित्रांनो, आता आपल्या वाड्याबद्दल. शाळा हमरस्त्यावरच्या नव्या इमारतीत गेली त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून आपला वाडा कुलपात आहे. गेल्या पावसाळ्यात मागची भिंत ढासळली. कौलं शाकारली न गेल्याने पाणी थेट तुळयांवर उतरतं. पाडून गाळे काढावेत, असा विचार गावात सुरू आहे आणि त्यात कुणाची वाईट बुद्धी आहे असं मला वाटत नाही. रिकामं घर सगळ्यांनाच ओझं वाटतं.

म्हणून माझी सूचना एवढीच. मेळाव्याच्या शिल्लक रकमेतून कमान किंवा संगमरवरी पाटी नको. आधी जुन्या लाकूडकामाची जाण असलेल्या स्थापत्यकाराकडून वाड्याची तपासणी करून घेऊ. मग पावसाळ्याआधी छप्पर शाकारू, पन्हळी बसवू, मागची भिंत बांधून काढू. खालच्या दोन खोल्यांत संध्याकाळची अभ्यासिका सुरू करू. गावात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुली आहेत, त्यांच्या घरी बसायला कोपरा नाही. दिवा, पंखा, टेबल आणि किल्ली सांभाळणारं एक माणूस, सुरुवातीला एवढं पुरे.

ज्यांनी आपल्या शाळेला तो वाडा दिला त्यांचं नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मला नव्हतं. हा लेख लिहिताना मी ते शोधून काढलं. मेळाव्याच्या दिवशी आपण सगळे चौकात जमू तेव्हा सांगेन. त्या दिवशी तेवढं कुलूप उघडून ठेवा.