सहा टिंबांचा माणूस

गेल्या वर्षी आमच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्टसाठी अंधांची काठी बनवली. अडथळा आला की बीप वाजायचा. व्हायव्हात मार्क मस्त मिळाले. मग आम्ही ती एका अंध मुलाला दिली. दोन मिनिटांत त्याने परत केली. त्या बीपमुळे त्याला रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाजच ऐकू येईना! आम्ही त्याला आधी विचारलंच नव्हतं. तेव्हा मला लुई ब्रेलची गोष्ट खरी कळली.

लुईचा जन्म ४ जानेवारी १८०९ चा, पॅरिसजवळच्या कूव्रे गावातला. वडील घोड्यांची खोगिरं, लगाम बनवायचे. तीन वर्षांचा असताना खेळता खेळता चामडं टोचायचं हत्यार त्याच्या डोळ्यात घुसलं. पुढे दुसरा डोळाही गेला. पाचव्या वर्षापर्यंत तो पूर्ण आंधळा झाला.

१८१९ मध्ये तो पॅरिसच्या अंधशाळेच्या हॉस्टेलमध्ये आला. व्हॅलेंटिन आयुई यांनी १७८५ मध्ये एका परोपकारी संस्थेच्या मदतीने ही शाळा काढली होती. हेतू चांगलाच होता. पण तिथली पुस्तकं म्हणजे नेहमीच्याच अक्षरांचे मोठे, उठावदार ठसे. एकेक अक्षर चाचपत वाचायचं, आणि स्वतः लिहिणं तर जवळजवळ अशक्यच.

मग शार्ल बार्बिये या लष्करी अधिकाऱ्याची टिंबांची लिपी शाळेत आली. आयडिया झकास होती, पण एका खुणेत बारापर्यंत टिंबं! ती बोटाच्या टोकाखाली मावत नसत. लुईने ती सहावर आणली. दोनचा सहावा घात म्हणजे ६४. कोरी जागा सोडली तर ६३ खुणा. त्यात अक्षरं, आकडे, संगीत, सगळं बसलं. हे १८२४ साली, म्हणजे फक्त पंधराव्या वर्षी! १८२९ मध्ये त्याने ही पद्धत पुस्तकरूपाने छापली. पुढे ते त्याच शाळेत शिक्षक झाले.

पण शाळेला ही लिपी नको होती. डोळस शिक्षकांना ती टिंबं वाचता येत नव्हती ना! १८४० मध्ये नवे संचालक आले आणि त्यांनी तिच्यावर बंदीच घातली. मुलं मात्र चोरून लिहीत राहिली. शेवटी १८४४ मध्ये नव्या इमारतीच्या उद्घाटनाला सर्वांसमोर प्रात्यक्षिक झालं आणि बंदी उठली. ब्रेल यांना क्षय झाला होता. ६ जानेवारी १८५२ ला ते गेले, वय फक्त ४३. फ्रान्सने त्यांची लिपी अधिकृत केली ती १८५४ मध्ये.

१८६८ मध्ये लंडनला डॉ. थॉमस आर्मिटेज यांनी अंधांसाठी एक संस्था काढली. त्यांची स्वतःची दृष्टी अधू झाली होती. कुठली लिपी चांगली, हे बोटांनी वाचणाऱ्यांनीच ठरवायचं, असा त्यांचा आग्रह. निवड झाली ब्रेलचीच. आपल्याकडे १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली. त्यामुळे मराठीही आज त्याच सहा टिंबांत वाचता येते. १९५२ मध्ये मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड सुरू झाली. योगायोग बघा, त्याच वर्षी ब्रेल यांच्या अस्थी सन्मानाने पॅरिसच्या पँथिऑनमध्ये नेल्या गेल्या.

आपणही एनएसएसतर्फे अंधशाळेत जातो, फळं वाटतो, फोटो काढतो. ते चांगलंच आहे. पण पुढच्या वेळी आधी पाच मिनिटं बसून त्यांना काय हवंय ते विचारूया. आमची दुसरी काठी आता बीप करत नाही, मुठीत थरथरते. ती सुधारणा आम्हाला त्याच मुलाने सुचवली.